बायपोलर आणि तीव्र नैराश्यावरचे मानसोपचार : संशोधन शोधायचं, वाचायचं आणि वापरायचं कसं

"गोळ्या चालू ठेवा, जोडीला थेरपी घ्या," असं डॉक्टर सांगतात आणि पुढचा पेशंट आत येतो. कुठली थेरपी, कुणाकडे, किती महिने, हे विचारायचं राहून जातं. मग रात्री मोबाइलवर शोध सुरू होतो. अर्ध्या तासात सीबीटी, डीबीटी, माइंडफुलनेस, इनर चाइल्ड, संमोहन आणि 'औषधांशिवाय बायपोलरवर मात' हे सगळं एकाच रांगेत समोर येतं. प्रत्येकाला 'संशोधनाने सिद्ध' असं लेबल लावलेलं असतं.

हा लेख त्या शोधाला शिस्त लावण्यासाठी आहे. शुभंकरांसाठी (आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी), बऱ्या काळात स्वतःच्या आजाराचा अभ्यास करू पाहणाऱ्या शुभार्थींसाठी (म्हणजे पेशंटसाठी), आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल असा. थोडं इंग्रजी वाचावं लागेल, कारण हे संशोधन इंग्रजीत आहे. संख्याशास्त्राची पदवी लागणार नाही. वजाबाकी आणि भागाकार पुरेसा आहे.

त्याआधी एक अट. घरातलं माणूस मरणाच्या गोष्टी बोलत असेल, खाणंपिणं सोडलं असेल, किंवा दोन-तीन रात्री न झोपताही प्रचंड उत्साहात असेल, पैसे उधळत असेल, तर ही वेळ लेख वाचण्याची नाही. त्याच दिवशी सायकिअॅट्रिस्टला गाठा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. अभ्यास वादळ ओसरल्यावर.

पहिली पायरी : प्रश्न नीट लिहून काढा

'बायपोलरवर सगळ्यात चांगली थेरपी कुठली?' या प्रश्नाला संशोधनात उत्तर सापडत नाही, म्हणूनच माणसं वैतागतात. आजाराच्या कुठल्या टप्प्यावर, कुठल्या औषधांच्या जोडीला, काय साधण्यासाठी, असं विचारलं की बऱ्यापैकी उत्तरं मिळू लागतात. पुढचा सगळा शोध या प्रश्नाच्या घडणीवर अवलंबून आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

कागद घ्या. निदान नेमकं काय आहे ते लिहा. फाइलवर 'बीपीएडी' (बायपोलर अफेक्टिव्ह डिसॉर्डर) लिहिलेलं असतं, पण टाइप वन की टाइप टू, हे डॉक्टरांना विचारून घ्या. टाइप वनमध्ये पूर्ण मेनिया, म्हणजे उत्साहाचा बेभान उद्रेक, झालेला असतो. टाइप टूमध्ये हायपोमेनिया, म्हणजे त्याचं सौम्य रूप, आणि बहुतेक वेळा नैराश्याचा मोठा काळ. नुसतं नैराश्य असेल तर ते 'रिकरंट' (पुन्हा पुन्हा येणारं) आहे का, भ्रम-भास झाले होते का, किती औषधं देऊन झाली, हे लिहा. मग आतापर्यंतचे एपिसोड, म्हणजे आजाराने उचल खाल्लेले काळ, वर्षांनुसार मांडा : कधी सुरू झाला, किती टिकला, त्याआधीच्या महिन्यात काय घडलं होतं, गोळ्या बंद केल्या होत्या का, झोप कशी होती. जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या तारखांवरून आणि घरातल्यांच्या आठवणीतून हा आलेख तयार होतो. आईला एक आठवतं, बायकोला दुसरं. दोन्ही लिहा.

आता प्रश्न असा होतो : 'टाइप वन, लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू, सध्या सहा महिने स्थिर, आतापर्यंत चार एपिसोड. पुढचा एपिसोड टाळण्यासाठी कुठले मानसोपचार उपयोगी पडतात?' किंवा : 'बायपोलर नसलेलं तीव्र नैराश्य, एक औषध पुरेशा डोसमध्ये घेऊनही फरक नाही. थेरपी जोडली तर काय फायदा?' दोन्ही 'मूड डिसॉर्डर'च आहेत, पण त्यांच्या उत्तरांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. नैराश्यावरचं संशोधन बायपोलरच्या नैराश्याला तसंच्या तसं लावता येत नाही. नवखे वाचक सगळ्यात जास्त इथेच घसरतात, आणि काही थेरपिस्टसुद्धा.

दुसरी पायरी : मैदानात कोण कोण आहे, ते ओळखा

बायपोलरसाठी ज्यांच्या चाचण्या झाल्या आहेत असे उपचार मोजके आहेत.

मनोशिक्षण, म्हणजे सायकोएज्युकेशन. आजार म्हणजे काय, गोळ्या का, आपली पूर्वचिन्हं कोणती, झोप कशी सांभाळायची, पुढचा एपिसोड येताना दिसला तर कुणी काय करायचं, याचं ठरलेल्या अभ्यासक्रमाने दिलेलं शिक्षण. बहुधा गटात.

बायपोलरसाठी घडवलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. यात निराशेचे विचार तर आहेतच, पण 'मला आता गोळ्यांची गरज नाही' आणि 'हा धंदा आत्ताच सुरू केला पाहिजे' या विचारांवरही काम होतं.

कुटुंबकेंद्री उपचार. संशोधनात याला एफएफटी म्हणतात. डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत पेशंटबरोबर घरचेही बसतात. ज्या घरात टीका आणि रागराग जास्त, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त, या जुन्या निरीक्षणावर ती उभी आहे. 'तू मनावरच घेत नाहीस', 'खायला-प्यायला मिळतंय म्हणून ही नाटकं' ही वाक्यं आपल्याकडे काळजीपोटीच बोलली जातात. परिणाम मात्र टीकेचाच होतो.

चौथी आयपीएसआरटी, म्हणजे नातेसंबंध आणि दिनक्रमाची लय यांवरची थेरपी, पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांची. उठणं, जेवणं, माणसांना भेटणं, झोपणं यांच्या वेळा स्थिर ठेवण्यावर तिचा भर असतो. गणपतीतली जागरणं, लग्नघरातल्या रात्री, नाइट शिफ्ट, अमेरिकेहून येताना उलटसुलट झालेले दिवस-रात्र, या सगळ्यांचा हिशोब तिच्यात बसतो.

तीव्र नैराश्यासाठी सीबीटी, आयपीटी (नातेसंबंधांवर काम करणारी थेरपी) आणि बिहेवियरल अॅक्टिव्हेशन ही तीन नावं लक्षात ठेवा. शेवटची दिसायला साधी आहे : मन लागण्याची वाट न बघता ठरवून छोट्या छोट्या कृती करत जायच्या आणि त्यांचा मनःस्थितीवर होणारा परिणाम नोंदवायचा. साधी म्हणून तिला कमी लेखू नका. पुढे गोव्याचं उदाहरण येतंय.

तिसरी पायरी : वरून खाली शोधा

सुट्या शोधनिबंधापासून सुरुवात करू नका. एखादा निबंध काहीही सांगू शकतो. आधी मार्गदर्शक तत्त्वं, मग अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा, आणि शेवटी दोन-तीन मूळ चाचण्या.

मार्गदर्शक तत्त्वांसाठी ब्रिटनच्या नाइस या संस्थेचं संकेतस्थळ फुकट वाचता येतं. बायपोलरसाठी त्यांचा दस्तऐवज २०१४चा (सीजी १८५), प्रौढांच्या नैराश्यासाठी २०२२चा (एनजी २२२). नाइस बायपोलरसाठी एक महत्त्वाची गोष्ट मागते : उपचार या आजारासाठी खास विकसित केलेला असावा आणि त्याची प्रसिद्ध झालेली, पुराव्यावर आधारलेली नियमपुस्तिका असावी. थेरपिस्टची निवड करताना हे वाक्य कामाला येतं. दुसरा दस्तऐवज कॅनडाच्या कॅनमॅट या तज्ज्ञगटाचा, २०१८चा. त्यात टप्प्यांनुसार क्रम लावला आहे. स्थिर काळात एपिसोड टाळण्यासाठी मनोशिक्षण पहिल्या पसंतीचं, सीबीटी आणि कुटुंबकेंद्री उपचार दुसऱ्या. नैराश्याच्या टप्प्यात पहिल्या पसंतीचा मानसोपचार एकही नाही. सीबीटी आणि कुटुंबकेंद्री उपचार तिथेही दुसऱ्याच क्रमावर. आणि ऐन मेनियात? शिफारस करावी असा कुठलाही मानसोपचार नाही, तिथे औषधच. एका तक्त्यात एवढं कळतं. आपल्याकडच्या परिस्थितीसाठी इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीची तत्त्वं 'इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री'त आली आहेत, तीही मोफत.

आढाव्यांसाठी पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची उघडा. इंग्रजीत आजाराचं नाव आणि उपचाराचं नाव टाका, मध्ये मोठ्या अक्षरांत 'अँड' (AND) लिहा. डाव्या बाजूच्या गाळण्यांमध्ये 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' आणि 'मेटा-अॅनालिसिस' निवडा, मग 'फ्री फुल टेक्स्ट'. कॉक्रेन लायब्ररीतल्या प्रत्येक आढाव्याला साध्या भाषेतला सारांश असतो, त्यापासून सुरुवात केली तर धाप लागत नाही. बायपोलरसाठी २०२१ साली 'जामा सायकिअॅट्री'त आलेला मिक्लोविट्झ आणि सहकाऱ्यांचा आढावा आवर्जून वाचा : ३९ चाचण्या, ३,८६३ सहभागी. औषधांच्या जोडीला दिलेले, नियमपुस्तिका असलेले मानसोपचार आजार उलटण्याचं प्रमाण कमी करतात, आणि आजार सांभाळण्याच्या कौशल्यांचा सराव करून घेणारं मनोशिक्षण एकट्याला देण्यापेक्षा कुटुंबासह किंवा गटात दिलं तर जास्त उपयोगी ठरतं, असा त्याचा रोख आहे. मिक्लोविट्झ स्वतः कुटुंबकेंद्री उपचाराचे जनक आहेत हे वाचताना ध्यानात ठेवायचं. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण आपल्या पद्धतीवर माया असलेल्या संशोधकाचे निकाल थोडे उजवे येतात, ही मानसोपचारांच्या संशोधनातली जुनी डोकेदुखी आहे.

पूर्ण निबंध पैशांच्या भिंतीमागे असेल तर पहिल्या पानावर संपर्कासाठी दिलेल्या लेखकाला दोन ओळींची ईमेल टाका. पुष्कळ जण पाठवतात.

चॅटबॉटला विचारून आलेल्या संदर्भांबद्दल एक सूचना : नाव जसंच्या तसं पबमेडमध्ये टाकून बघा. सापडलं नाही तर तो निबंध नाहीच, असं समजून पुढे जा. ही यंत्रं अस्तित्वात नसलेले निबंध अगदी आत्मविश्वासाने, वर्ष आणि पान क्रमांकासकट सांगतात.

चौथी पायरी : एक चाचणी पूर्ण वाचा

सारांश वाचून थांबणाऱ्याला निकाल कळतो, त्याचं वजन कळत नाही. ते पद्धतीच्या भागात असतं. तीन-चार प्रत्यक्ष चाचण्या घेऊन बघू.

पहिलं : तुलना कशाशी केली? २००३मध्ये बार्सिलोनाच्या फ्रान्सेस्क कोलोम आणि सहकाऱ्यांनी १२० स्थिर बायपोलर पेशंट घेतले. सगळ्यांची औषधं चालू होती. अर्ध्यांना २१ बैठकांचं गट-मनोशिक्षण दिलं. उरलेल्या अर्ध्यांना तेवढ्याच गट-बैठका दिल्या, पण अभ्यासक्रमाशिवाय, नुसत्या गप्पांच्या. दोन वर्षांत गप्पांच्या गटातल्या ९२ टक्के लोकांना पुन्हा एपिसोड आला. मनोशिक्षणाच्या गटात ६७ टक्क्यांना. या चाचणीचं सौंदर्य तिच्या तुलनेत आहे. माणसं भेटली, आपलं कुणीतरी ऐकलं, याचा फायदा दोन्ही गटांना सारखाच मिळाला होता. तरीही फरक पडला, म्हणजे शिकवण्यात काहीतरी होतं. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा मनोशिक्षण घेतलेल्यांचे आजारपणाचे दिवस सरासरी १५४ होते, दुसऱ्या गटाचे ५८६.

आता याउलट, ज्या चाचणीत तुलनेचा गट नुसता 'प्रतीक्षा यादी'त ठेवलेला असतो, तिथे कुठलीही थेरपी चमकते. वाट बघणारा माणूस काहीच करत नाही, उलट त्याची उमेद रोखून धरलेली असते. प्रतीक्षा यादीशी तुलना दिसली की निकालातून मनातल्या मनात बरंच वजा करा.

दुसरं : कुणाला घेतलं, कुणाला वगळलं? इथे दोन ब्रिटिश चाचण्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. डॉमिनिक लॅम यांच्या २००३च्या चाचणीत टाइप वनचे १०३ पेशंट होते. औषधं घेऊनही वारंवार एपिसोड येणारे, पण चाचणीत येताना तीव्र एपिसोडमध्ये नसलेले. वर्षभरात सीबीटी घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना एपिसोड आला, न घेतलेल्यांपैकी ७५ टक्क्यांना. एवढं वाचून माणूस सीबीटीच्या शोधात निघेल. पण २००६मध्ये जॅन स्कॉट यांनी पाच केंद्रांवर २५३ पेशंट घेऊन २२ बैठकांच्या सीबीटीची चाचणी केली आणि १८ महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरकच दिसला नाही.

मग खरं कोण? दोघंही. स्कॉट यांनी रोजच्या ओपीडीत दिसतात तसे पेशंट घेतले होते : कुणी एपिसोडच्या मध्यावर, कुणाला जोडीला व्यसन, कुणाचे डझनावारी एपिसोड होऊन गेलेले. नंतर आकडे उकलून पाहिले तेव्हा बारापेक्षा कमी एपिसोड झालेल्यांना सीबीटीचा उपयोग झालेला दिसला. नंतर उकललेल्या आकड्यांवर पूर्ण विश्वास ठेवायचा नसतो. ढीगभर उपगट पाडले तर एखाद्यात काहीतरी सापडतंच. पण दहा वर्षांनी, २०१६मध्ये, रिचर्ड मॉरिस यांच्या ३०४ जणांच्या चाचणीतही तसंच चित्र आलं. तिथे गट-मनोशिक्षणाची तुलना तेवढ्याच बैठकांच्या समवेदनी, म्हणजे त्याच आजारातून जाणाऱ्यांच्या, आधारगटाशी केली होती. एकूण फरक निश्चित म्हणावा असा नव्हता. मात्र आठपेक्षा कमी एपिसोड झालेल्यांना मनोशिक्षणाचा फायदा जास्त होता. वेगवेगळ्या उपचारांच्या दोन चाचण्या एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा ते मनावर घ्यायला हवं. पहिल्या दोन-तीन एपिसोडनंतर 'आता बरा आहे ना, मग कशाला' म्हणून थेरपी टाळणाऱ्या घरांसाठी तर फारच. आपल्याकडे थेरपी हा शेवटचा उपाय म्हणून येतो. पुरावा सांगतो की ती लवकर यायला हवी.

पहिल्या पायरीवर एपिसोड मोजायला का सांगितले, ते आता कळलं असेल.

तिसरं : मोजलं काय? मँचेस्टरच्या अॅलिसन पेरी यांच्या १९९९च्या चाचणीत ६९ पेशंटना फक्त एक गोष्ट शिकवली : स्वतःची पूर्वचिन्हं ओळखा आणि ती दिसताच ठरवलेल्या ठिकाणी मदत मागा. सात ते बारा बैठका, बस. गटातल्या पहिल्या चतुर्थांश लोकांना मेनिया परत येईपर्यंत नेहमीच्या उपचारांत १७ आठवडे गेले होते, शिकवलेल्या गटात ६५. केवढा फरक! पण नैराश्याचा एपिसोड येणं मात्र लांबणीवर पडलं नाही. म्हणजे 'उपयोग झाला' हे वाक्य अपुरं आहे. मेनियासाठी झाला, नैराश्यासाठी नाही. तुमच्या माणसाला त्रास कशाचा जास्त आहे त्यावर या चाचणीची किंमत ठरते.

मोजपट्ट्यांची नावं वारंवार येतील. नैराश्यासाठी हॅमिल्टन, बेक आणि पीएचक्यू-९; मेनियासाठी यंग. 'रिस्पॉन्स' म्हणजे बहुधा गुण निम्म्यावर येणं, 'रिमिशन' म्हणजे लक्षणं जवळपास जाणं. ४०वरून १९वर आलेला माणूस 'रिस्पॉन्स'मध्ये मोजला जातो, पण तो अजून आजारीच असतो. जाहिरातीत बहुतेक वेळा पहिला आकडा वापरतात.

चौथं : किती जण मध्येच सोडून गेले, आणि त्यांना हिशोबात धरलं का? 'इंटेन्शन टू ट्रीट' हे शब्द शोधा. ते असतील तर सुरुवातीला घेतलेल्या सगळ्यांना धरून गणित केलेलं आहे. नसतील तर टिकून राहिलेल्यांचाच निकाल वाचताय, आणि टिकणारे बहुधा बरे होणारेच असतात.

पाचवं आणि शेवटचं, थोडं चिकाटीचं : आधी काय मोजू म्हणाले होते? चांगल्या चाचण्या सुरू होण्यापूर्वी नोंदवलेल्या असतात. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत मिळते, परदेशी चाचण्यांची त्यांच्या नोंदवह्यांत. निबंधातला नोंदणी क्रमांक टाकून मुख्य निकष पडताळा. नोंदवताना 'आजार उलटणं' आणि निबंधात ठळकपणे 'जीवनमान सुधारलं' असेल, तर मधल्या काळात काय झालं असेल ते ओळखता येतं.

गोव्यातली चाचणी, मुद्दाम वेगळी

तीव्र नैराश्याबद्दल परदेशी आकडे वाचून 'हे आपल्याकडे कुठे' असं वाटतं, म्हणून हे. २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. 'संगथ' या गोव्यातल्या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती केली. पीएचक्यू-९वर १४पेक्षा जास्त गुण असलेले, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्य असलेले ४९५ लोक. उपचार बिहेवियरल अॅक्टिव्हेशनचा, सहा ते आठ बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. देणारे सायकॉलॉजिस्ट नव्हते; प्रशिक्षण आणि देखरेखीखाली काम करणारे सामान्य कार्यकर्ते होते. तीन महिन्यांनी थेरपी घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक रिमिशनमध्ये होते, तुलनेच्या गटात ३९ टक्के. बारा महिन्यांनीही फरक टिकला होता.

या चाचणीतून काय निघतं आणि काय निघत नाही, हे वेगळं करणं महत्त्वाचं. मोठी डिग्री असलेला माणूस मिळाला नाही म्हणून थेरपी नाकारायचं कारण नाही, हे निघतं. नियमपुस्तिका आणि देखरेख मात्र हवी. बायपोलरला हीच पद्धत चालेल, हे निघत नाही. कुणीही दोन दिवसांचं शिबिर करून नैराश्यावर उपचार करू शकतो, हे तर अजिबात नाही.

औषधाने फरक न पडलेल्यांसाठी ब्रिटनची २०१३ची कोबाल्ट ही चाचणी बघा : किमान सहा आठवडे औषध घेऊनही नैराश्य राहिलेले ४६९ लोक. औषध चालू ठेवून सीबीटी जोडली त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांचे गुण सहा महिन्यांत निम्म्यावर आले, नुसत्या नेहमीच्या उपचारांत २२ टक्क्यांचे. जास्त तीव्र नैराश्यासाठी नाइस जे पर्याय देते त्यांत सीबीटी आणि औषध एकत्र, हा सर्वांत वर आहे.

पाचवी पायरी : टक्क्यांना माणसांत बदला

दोन गटांच्या टक्क्यांची वजाबाकी करा आणि शंभराला त्या आकड्याने भागा. गोव्यात ६४ वजा ३९ म्हणजे २५. शंभर भागिले २५, म्हणजे चार. चार जणांना थेरपी दिली तर एक जण असा, जो एरवी त्या काळात बरा झाला नसता. उरलेल्या तिघांपैकी काही तसेही बरे होणार होते, काही झालेच नसते.

अमेरिकेतली स्टेप-बीडी ही मोठी चाचणी घ्या, २००७ची. बायपोलरच्या नैराश्यातले २९३ पेशंट. नऊ महिन्यांत तीसपर्यंत बैठकांची सघन थेरपी, विरुद्ध तीन बैठकांचं थोडक्यातलं मनोशिक्षण. वर्षाअखेर सावरले ६४.४ टक्के विरुद्ध ५१.५ टक्के. फरक जवळपास १३, म्हणजे साधारण आठ जणांमागे एक. सघन थेरपीत कुटुंबकेंद्री, आयपीएसआरटी आणि सीबीटी तिन्ही होत्या आणि त्यांच्यात आपापसांत निश्चित म्हणावा असा फरक नव्हता. त्यामुळे या टप्प्यावर 'सीबीटीच हवी' असा हट्ट धरून तीन महिने वाट बघण्यापेक्षा यांपैकी जी चांगल्या हातांनी मिळते ती सुरू करणं शहाणपणाचं.

आठात एक हा आकडा ऐकून निराश व्हायला होतं. वैद्यकातल्या अनेक मान्य उपचारांचे आकडे याच पट्ट्यात असतात, फक्त ते कुणी आपल्याला अशा भाषेत सांगत नाही.

सहावी पायरी : पुराव्यातला उपचार आणि पाटीवरचा उपचार

इथून पुढे संशोधन संपतं आणि चौकशी सुरू होते. चाचणीतली सीबीटी आणि गल्लीतल्या बोर्डावरची सीबीटी यांत अंतर असू शकतं.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. नोंदणी क्रमांक विचारा आणि संकेतस्थळावर बघा. 'काउन्सेलर' या पाटीला तशी नोंदणी लागत नाही. त्यात चांगली माणसं भरपूर आहेत, पण तीव्र मूड डिसॉर्डरसाठी पाटी पुरेशी नाही. पहिल्या भेटीत किंवा फोनवर हे विचारायला संकोच करू नका : बायपोलरचे किती पेशंट तुम्ही सध्या बघता? कुठल्या पद्धतीने काम करता, तिची नियमपुस्तिका आहे का? साधारण किती बैठका? आमच्या सायकिअॅट्रिस्टशी बोलाल का? मेनियाची चिन्हं दिसली तर तुम्ही काय करता? शेवटच्या प्रश्नाला जो गडबडतो, त्याच्याकडे जाऊ नका. 'गोळ्या हळूहळू बंद करू' असं पहिल्याच भेटीत म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नाही. वर सांगितलेल्या बायपोलरच्या बहुतेक सगळ्या चाचण्या औषधांच्या जोडीला झालेल्या आहेत. औषध सोडून थेरपी हा प्रयोग त्यांनी केलेलाच नाही.

खर्चाचा विचार लाजण्यासारखा नाही. खाजगी थेरपी आठवड्याला परवडत नसेल तर गटाचा पर्याय शोधा, तसाही बायपोलरच्या मनोशिक्षणात गटाचा पुरावा भक्कम आहे. ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्था, मेडिकल कॉलेजांचे मानसोपचार विभाग, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीचं आयपीएचबी, इथे चौकशी करा. तयार कार्यक्रम मिळाला नाही तर सायकिअॅट्रिस्टला सरळ विचारा, 'पूर्वचिन्हांची यादी आणि आणीबाणीचा आराखडा करायला एखादी बैठक द्याल का?' पेरींच्या चाचणीत शिकवलेलं एवढंच होतं. त्या आराखड्यात कुणाला फोन करायचा, कुठल्या रुग्णालयात न्यायचं, बँकेचं कार्ड कुणाकडे द्यायचं, हे शुभार्थी बरा असताना त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा पूर्वनिर्देश लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे.

सातवी पायरी : आपल्या घरात ती चालते का, ते मोजा

चाचणी शंभर जणांची सरासरी सांगते. तुमचा माणूस त्या सरासरीत कुठे आहे हे फक्त नोंदींवरून कळतं. पीएचक्यू-९ मराठीत उपलब्ध आहे. नऊ प्रश्न, कमाल २७ गुण. थेरपी सुरू होण्याच्या आधी दोनदा भरा, मग दर दोन आठवड्यांनी, शक्यतो त्याच वारी. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा आहे; त्याचं उत्तर शून्यापेक्षा जास्त आलं तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ही पट्टी मेनिया पकडत नाही, त्यामुळे बायपोलरमध्ये सोबत झोपेचे तास आणि मनःस्थितीला उणे पाच ते अधिक पाच असा एक आकडा रोज लिहा. झोप कमी आणि आकडा वर, असं सलग दोन-तीन दिवस दिसलं तर फोन.

थेरपिस्टबरोबर पहिल्याच महिन्यात आढाव्याची तारीख ठरवा. नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांनंतर गुणांत काहीच हालचाल नसेल तर पद्धत, थेरपिस्ट किंवा औषध यांपैकी काहीतरी बदलण्याची चर्चा व्हायला हवी. बायपोलरमध्ये एपिसोड टाळणं हे उद्दिष्ट असेल तर सहा महिन्यांत काही सिद्ध होत नाही. तिथे मधल्या खुणा बघा : गोळ्या किती चुकल्या, पूर्वचिन्हं किती लवकर ओळखली, झोपेच्या वेळा किती स्थिर राहिल्या, घरात भांडणं किती झाली. हा कागद सायकिअॅट्रिस्टच्या पुढच्या भेटीला घेऊन जा आणि फाइलच्या सगळ्यात वर ठेवा, म्हणजे पाच मिनिटांच्या ओपीडीत तो आधी बघितला जाईल.